खारी बावलीची पायी फेरी: गच्चीपर्यंत उत्तम, दुकानापाशी फसलेली

दिल्लीच्या खारी बावली या मसाल्यांच्या घाऊक बाजारातील गडोदिया मार्केटच्या गच्चीवर आम्ही पोहोचलो, तेव्हा आमच्या गटातील सात जणांपैकी एकालाही धड बोलता येत नव्हते. खालच्या चौकात मिरचीची पोती उतरवली जात होती आणि त्यांचा खाट जिन्याच्या पोकळीतून धुराड्यातल्या धुरासारखा वर येत होता. फेरी घेणारा तरुण स्वतःच रुमालात तोंड खुपसून उभा होता. सकाळपासून अखंड बोलणारा हा मुलगा तेथे प्रथमच गप्प झाला आणि माझ्या मते त्या तीन तासांतील सर्वांत मोलाची पाच मिनिटे तीच होती.

जानेवारीत मी महिनाभर मुलीकडे दिल्लीला राहायला गेले होते. ‘आई, तू दिवसभर घरात बसून काय करणार?’ असे म्हणून तिने आम्हा दोघींसाठी या ‘मसाला बाजार फेरी’ची नोंदणी करून टाकली. शुल्क माणशी १,५०० रुपये, वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा, गटात जास्तीत जास्त आठ जण, आणि निवेदन अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी. फेरी घेणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या बाजारात अशा फेऱ्या अनेक जण घेतात, त्यांचा मार्गही थोड्याफार फरकाने हाच असतो, आणि पुढे लिहिलेले गुणदोष नोंदणी करण्याआधी कोणालाही विचारून घेता येतील असे आहेत.

माझ्या मतांना थोडा पूर्वग्रह चिकटलेला आहे, तोही आधीच सांगते. माझे वडील सांगलीत एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पोत्यांच्या थप्प्या, सौद्याच्या वेळची गडबड, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणारे अडते आणि संध्याकाळी वडिलांच्या सदऱ्याला येणारा हळदीचा कोंदट वास, हे माझ्या लहानपणात इतके मुरलेले आहे की मसाल्याचा बाजार मला ‘रंगांची उधळण’ वगैरे वाटत नाही. तो मला कामाची जागा वाटतो. त्यामुळे फेरीत मी रंगांपेक्षा व्यवहार कळण्याची अपेक्षा ठेवून गेले होते.

आम्हाला लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी बोलावले होते. तेथून पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता साधारण सव्वा किलोमीटरचा आहे. २०२१ मध्ये झालेल्या नूतनीकरणानंतर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत या पट्ट्यात मोटारगाड्यांना बंदी असल्याने चालणे खरोखरच सुखाचे झाले आहे. हा चौक शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने १६५०च्या सुमारास आखला आणि त्याच्या मधोमध एक कालवा वाहत असे, हे निवेदकाने नीट सांगितले. मात्र पुढची पन्नास मिनिटे जिलबी, कचोरी आणि जुन्या मिठाईच्या दुकानांवर खर्ची पडली. जिलबी चांगली होती, यात वाद नाही. परंतु ज्या फेरीच्या नावातच मसाला आहे, तिचा जवळजवळ एक तृतीयांश वेळ तळणीपाशी जावा हे मला पटले नाही. अशा फेऱ्यांच्या संयोजकांना सहभागी लोक पहिल्या तासात भुकेने कंटाळतील अशी धास्ती असावी.

याच रस्त्यावरच्या गौरीशंकर मंदिरासमोरून आम्ही न थांबता पुढे गेलो. हे मंदिर १७६१ मध्ये आपा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले असे सांगितले जाते. पानिपताचेच ते वर्ष, त्यामुळे मराठी माणसाचे पाऊल तेथे आपोआप अडखळते. मी निवेदकाला याविषयी विचारले, तेव्हा त्याला मंदिर मराठ्यांचे आहे एवढे ठाऊक होते, पण ‘आपल्या विषयात ते येत नाही, मॅम,’ असे तो म्हणाला. जिलबी विषयात येत होती.

फतेहपुरी मशिदीपाशी मात्र फेरीने सूर पकडला. शाहजहानची एक बेगम फतेहपुरी हिने १६५० मध्ये ही लाल दगडाची मशीद बांधवली. चांदणी चौकाच्या एका टोकाला किल्ला आणि दुसऱ्या टोकाला ही मशीद, अशी त्या रस्त्याची आखणी आहे. नमाजाच्या वेळा सोडून इतरांनाही आत जाता येते. आतल्या मोकळ्या अंगणात आणि हौदाच्या काठी उभे राहिल्यावर बाहेरची किरकिर एकदम दूर जाते. १८५७च्या बंडानंतर इंग्रजांनी ही मशीद लाला चुन्नामल या सावकाराला १९,००० रुपयांना विकली आणि १८७७ मध्ये ती पुन्हा मुसलमानांच्या स्वाधीन करण्यात आली. ही हकिगत सांगताना निवेदकाने एक चांगली गोष्ट केली. मशिदीच्या बाहेरच्या भिंतींना टेकून उभी असलेली दुकाने त्याने आम्हाला आधी दाखवली आणि मग विचारले, ‘इमारत विकत घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले असेल?’ धर्मस्थळ आणि बाजारपेठ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना कशी नांदतात, हे त्या एका प्रश्नाने लख्ख कळले. असे प्रश्न त्याने आणखी चार ठिकाणी विचारले असते तर या लेखाचा सूर वेगळा असता.

मशिदीच्या उत्तरेला वळले की खारी बावली सुरू होते. बावली म्हणजे आपली बारव, पायऱ्यांची विहीर, आणि खारी म्हणजे मचूळ पाण्याची. शेरशाह सूरचा मुलगा इस्लामशाह याच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, येथे एक बारव बांधली गेली. तिचे पाणी माणसांच्या पिण्याजोगे नव्हते, ते जनावरांना आणि अंघोळीला वापरले जाई. शाहजहानाबाद हे शहर त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी वसले आणि बाजार त्याहीनंतर आला. आज त्या बारवेचा एक दगडही दिसत नाही. रस्त्याखाली आणि दुकानांखाली ती कधीच गडप झाली, फक्त नाव उरले.

येथे मला हरिपूरची पेवे आठवली आणि मी मुलीला ती समजावून सांगत असताना गट बराच पुढे निघून गेला. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत. वरून तोंड लहान, आत घागरीसारखा मोठा पोटाचा भाग, आणि त्यात वर्षानुवर्षे न किडता राहिलेली हळद. २००५च्या महापुरात त्यांतील कितीतरी पेवे बुडून निकामी झाली. जमिनीखालची एखादी रचना नाहीशी होते आणि वरचा व्यापार मात्र तिच्याच नावावर चालू राहतो, हे मला ओळखीचे होते. निवेदकाने बारवेची गोष्ट दोन वाक्यांत उरकली आणि तो ‘आशियातील सर्वांत मोठा मसाला बाजार’ या वाक्याकडे वळला. हे वाक्य त्याने सकाळभरात पाच वेळा उच्चारले, मी मोजले.

बाजाराची रचना समजून घ्यायची तर घाईने चालून उपयोग नाही. मुख्य रस्त्यावर दर्शनी दुकाने आहेत. त्यांच्यासमोर बदाम, अक्रोड, मनुका, सुके अंजीर, मखाणे यांच्या राशी असतात आणि किरकोळ गिऱ्हाईक तेथेच थांबते. खरा घाऊक व्यापार मागच्या कटऱ्यांत चालतो. कटरा म्हणजे एका दारातून आत शिरायचे, मध्ये चौक आणि भोवती एकाच प्रकारच्या मालाच्या पेढ्या. तंबाखूचा कटरा वेगळा आहे. शेजारच्या तिलक बाजारात रसायने मिळतात आणि नया बाजार धान्याचा आहे. काही दुकाने अजूनही नावापेक्षा क्रमांकाने ओळखली जातात. काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्यांच्या दुकानांत रिठे, शिकेकाई, हिरडे, बेहडे, गुलाबाच्या सुकलेल्या कळ्या आणि मुळ्यांच्या जुड्या अशा काही रचून ठेवलेल्या असतात की आपल्याकडच्या जुन्या गावठी वैद्याचे कपाट उलगडून रस्त्यावर मांडावे. ही सगळी उकल मला दुसऱ्या दिवशी एकटीने हिंडताना झाली. फेरीत आम्हाला दर्शनी रस्ता, एक मार्केट आणि एक दुकान एवढेच दिसले.

ते एक मार्केट मात्र पैसे वसूल करणारे आहे. गडोदिया मार्केट ही इमारत १९२०च्या दशकात लाला लक्ष्मीनारायण गडोदिया या धनिकाने बांधली. रस्त्यावरून तिचे दार सहज चुकते, कारण दाराशी हातगाड्या, पोती आणि चहावाला यांची इतकी गर्दी असते की आत काही आहे अशी शंकाही येत नाही. आत शिरल्यावर मोठा चौक लागतो आणि भोवती कमानींच्या ओळी दिसतात. तळमजल्यावर मिरची, हळद, सुंठ, धणे यांची गोदामे आणि वर लोखंडी कठड्यांचे सज्जे आहेत. सज्ज्यांवर हमालांचे कपडे वाळत होते. एका कोपऱ्यात कोणीतरी स्टोव्हवर डाळ शिजवत होते आणि त्या फोडणीचा वास मिरचीच्या खाटात मिसळून वेगळाच काही झाला होता.

जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा आहे. त्याच जिन्याने हमालही जातात, त्यामुळे भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. आमच्या शेजारून एक चाळिशीचा माणूस पाठीवर मिरचीचे पोते घेऊन वर चढला. मिरचीचे पोते हळदीपेक्षा हलके, पण आकाराने अवाढव्य असते, त्यामुळे त्याला पायरी दिसतच नव्हती. डाव्या हातातला लोखंडी हूक त्याने पोत्याच्या सुतळीत अडकवला होता आणि उजव्या हाताची बोटे भिंतीवरून सरकवत तो पायऱ्या मोजत होता. भिंतीवर त्या उंचीला एक काळपट, गुळगुळीत पट्टा पडलेला आहे. तो तळापासून गच्चीपर्यंत सलग जातो. इतक्या वर्षांत किती बोटे तेथून सरकली असतील, हे त्या पट्ट्याकडे पाहून कळत होते आणि माझ्यासाठी ही त्या इमारतीतील सर्वांत बोलकी खूण ठरली. निवेदकाने ती दाखवली नाही. त्याने ‘बाजूला व्हा’ म्हटले आणि गटातील दोघांनी त्या हमालाचे छायाचित्र घेतले.

हमालांविषयी तो काहीच बोलला नाही, ही या फेरीतील सर्वांत मोठी उणीव मला वाटते. दिल्लीत त्यांना पल्लेदार म्हणतात. त्यांना नगावर पैसे मिळतात की दिवसावर, ती माणसे कोठून येतात, रात्री कोठे झोपतात, यांतले एकही वाक्य तीन तासांत आले नाही. आपल्याकडे माथाडींसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्यामागे किती चळवळ उभी राहिली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तरी पोत्याखालच्या माणसाकडे नुसता फोटोचा विषय म्हणून पाहवत नाही. मुंबईचा घाऊक मसाल्याचा व्यापार मस्जिद बंदरातून वाशीच्या बाजारात हलवला गेला. खारी बावलीचा मात्र गल्ल्यांतच राहिला. गल्लीत ट्रक शिरत नाही, म्हणून हातगाडी लागते. जिन्यावर हातगाडी चढत नाही, म्हणून पाठ लागते. बाजार जुन्या जागी टिकला याचे कौतुक करताना तो कोणाच्या पाठीवर टिकला, हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

गच्चीवरून मशिदीचा घुमट, तिचे अंगण आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखा खारी बावलीचा रस्ता एका दृष्टिक्षेपात येतो. येथे एकट्याने यायचे तर वाट सापडणे आणि पहारेकऱ्याशी बोलून आत शिरणे जरा कठीण जाते. निवेदकाची ओळख असल्याने आम्हाला कोणी हटकले नाही. ठसक्याचे कारणही त्याने नंतर नीट सांगितले. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले की नाकाघशातील ज्ञानतंतूंना भाजल्यासारखी जाणीव होते आणि शरीर ते कण खोकून बाहेर टाकू पाहते. ‘मग हमालांना खोकला का येत नाही?’ असे मुलीने विचारले. ‘सवय,’ असे तो म्हणाला. खाली उतरताना मला तीन हमाल खोकताना दिसले.

यानंतरचा भाग लिहिताना मला थोडे कठोर व्हावे लागेल. फेरीचा शेवट एका दुकानात झाला. वातानुकूलित खोली, काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीवर इंग्रजी चिठ्ठी आणि स्वागताला वेलचीचा चहा. ‘येथे तुम्हाला मसाल्यांची पारख शिकवली जाईल,’ असे आम्हाला सांगितले होते. प्रत्यक्षात चाळीस मिनिटे विक्री झाली. ‘बटर चिकन मसाला’, ‘मुघलाई चहा’, ‘करी पावडर’ अशी पन्नास-पन्नास ग्रॅमची हवाबंद पाकिटे समोर आली. त्यांच्या किमतीत दुसऱ्या दिवशी मला त्याच बाजारात पाव किलोहून अधिक माल मिळाला. त्या दुकानातून निवेदकाला काही मिळते का, हे मी त्याला सरळ विचारले. तो हसला आणि ‘ओळखीचे लोक आहेत’ असे म्हणाला. ओळख असण्यात गैर काही नाही, पण शुल्क भरून आलेल्या माणसाला ते आधी सांगितले पाहिजे.

पारख म्हणून जे सांगितले गेले, त्यातील निम्मे अपुरे आणि काही सरळ चुकीचे होते. ‘सर्वांत मोठी वेलची ती सर्वांत चांगली,’ हे त्याचे पहिले सूत्र. वेलचीची प्रतवारी मिलिमीटरमध्ये होते आणि आठ मिलिमीटरच्या टपोऱ्या वेलचीला जास्त भाव येतो, हे खरेच आहे. पण तो भाव दिसण्याचा आहे. कुटायची असेल तर लहान, पण आतून काळ्या आणि चिकट दाण्यांनी भरलेली वेलची अनेकदा अधिक परवडते. भडक हिरव्या सालीवर तर संशयच घ्यावा, कारण सालींना रंग देण्याचा प्रकार होतो. दुसरे सूत्र दालचिनीचे. जाड, कडक, लालसर सालीचे तुकडे ‘अस्सल दालचिनी’ म्हणून हातात दिले गेले. ती दालचिनीची भावकी असलेली कॅशिया होती, जी उत्तरेत सर्रास वापरली जाते आणि बिर्याणीला चांगली लागते. श्रीलंकेची पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली दालचिनी वेगळी, तिचा वास सौम्य आणि गोड असतो. दोन्ही शेजारी ठेवून हुंगायला दिल्या असत्या तर गटातील परदेशी दांपत्यालाही फरक कळला असता.

हिंगाच्या बाबतीत तर तो म्हणाला की भारतात हिंग पूर्वापार हिमालयात पिकतो. वास्तविक आपल्या स्वयंपाकघरातला हिंग मुख्यतः अफगाणिस्तान, इराण या बाजूने येणाऱ्या चिकापासून बनतो. लाहौलमध्ये शास्त्रज्ञांनी लागवडीची पहिली रोपे लावली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. बरणीत जो मिळतो तो बांधानी हिंग. शुद्ध चीक इतका तीव्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळूनच तो वापरण्याजोगा करतात. हे सांगितल्याने विक्री कमी झाली नसती, उलट गिऱ्हाईकाचा विश्वास वाढला असता.

केशराच्या डब्या निघाल्या तेव्हा मी पुढे सरकले. डब्यांतील माल मला खरा वाटला आणि तसे म्हणणे न्यायाचे होईल. मात्र दुकानाबाहेर पदपथावर एक जण स्वस्त ‘केशर’ विकत होता आणि त्याच्या टोपलीत नारिंगी रंगाच्या करडईच्या पाकळ्या होत्या. सोलापूरकडचे माझे आजोळ करडईच्या शेतांचे, त्यामुळे मला त्या दुरूनच ओळखू आल्या. केशराचा तंतू कोमट पाण्यात टाकला की रंग सावकाश सुटतो आणि तंतू लालच राहतो. करडई पाण्यात पडताक्षणी रंग सोडते आणि स्वतः फिकी पडते. फेरीत ही एक चाचणी करून दाखवायला वाटीभर पाणी पुरले असते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी यादी घेऊन एकटी गेले. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात वर्षाच्या तिखटाला चटणी म्हणतात. उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, खोबरे आणि मसाले असे सगळे डंकावर नेऊन कांडून आणायचे असते. मुलीला या वर्षी दिल्लीतच चटणी करायची होती, म्हणून यादी तिची आणि अक्षर माझे. मशिदीपासून आत दोन वळणांवरच्या एका अरुंद दुकानात साठीचे एक गृहस्थ गादीवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लिपी एकच असल्याने त्यांना सगळे वाचता येत होते, पण कळत निम्मेच होते, आणि हा खेळ दोघांनाही आवडला. ‘धणे’ त्यांनी लगेच ओळखले. बाद्यान हा शब्द तर ते स्वतःच वापरत. दगडफुलापाशी ते अडले. मी दगडावर वाढणारे, काळेकरडे, चुरगाळलेल्या कागदासारखे असे वर्णन करताच त्यांनी मागच्या पोत्यातून मूठभर काढून दाखवले आणि म्हणाले, ‘पत्थर फूल, बहनजी. लखनौवाले पोटली मसाल्यात घालतात.’ नागकेशरासाठी त्यांनी मला समोरच्या पंसाऱ्याकडे पाठवले. यादीच्या तळाशी मुलीने कोकणातल्या मैत्रिणीसाठी ‘तिरफळ’ लिहिले होते. ते वाचून त्यांनी नोकराला हाक मारली आणि त्याने त्रिफळा चूर्णाचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. बांगड्याच्या आमटीत त्रिफळा चूर्ण घातले तर काय होईल, या कल्पनेने मला हसू आवरेना. हसण्याचे कारण सांगितल्यावर तेही हसले. तिरफळ दिल्लीत मिळाले नाही.

तेथे मला हवी होती ती पारख फुकट मिळाली. धण्याच्या पोत्यात त्यांनी परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ टोकदार सळई, एकदा वरून आणि एकदा तळाजवळून खुपसली आणि दोन्ही नमुने तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. वरचा हिरवट होता, तळचा जरा पिवळा. ‘तळचा पाहूनच घ्यावे,’ एवढेच ते बोलले. फेरीतील चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा हे एक वाक्य माझ्या अधिक उपयोगाचे आहे.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. दिल्लीत नवखे असाल, गल्ल्यांत शिरायची धास्ती वाटत असेल, किंवा मशीद आणि गच्ची एका सकाळीच पाहायची असेल, तर ही फेरी घ्यावी. गच्चीसाठी आणि मशिदीपाशी विचारलेल्या त्या एका प्रश्नासाठी मी पुन्हा पैसे देईन. नोंदणी करताना मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: कटऱ्यांच्या आत नेणार का, आणि शेवटचे दुकान ऐच्छिक आहे का. खरेदी फेरीत करू नये, वेगळी करावी. मेट्रोचे चांदणी चौक स्थानक जवळ आहे. रविवारी बाजार बंद असतो आणि दुकाने पुरती उघडायला साडेदहा-अकरा होतात, पण माल उतरताना पाहायचा तर त्याआधीच पोहोचावे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी गच्चीचा मोह टाळावा, किंवा निदान ओला रुमाल जवळ ठेवावा. चौकात आम्हाला धड स्वच्छतागृह सापडले नाही. कटऱ्यातले काही घाऊक व्यापारी पाच किलोच्या खाली हातही लावत नाहीत, त्यांच्यावर रागावू नये. त्यांच्या शेजारीच शंभर ग्रॅम देणारा दुसरा सापडतो.

त्या दिवशी यादीतील शेवटची वस्तू हळकुंड होती. गृहस्थांनी दोन वेगवेगळ्या पोत्यांतून एकेक हळकुंड काढून माझ्यासमोर ठेवले आणि कोणते देऊ, असे विचारले. मी उत्तर देण्याऐवजी दोन्ही मोडून पाहिली. एक दबक्या आवाजात तुटले आणि आतून फिके निघाले. दुसरे जाड, राजापुरी वाणाचे होते. ते खणकन मोडले आणि आतला रंग पिकल्या हापूसच्या गरासारखा केशरी होता. मी ते हुंगले आणि म्हटले, ‘सांगली.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पोत्यावरची चिठ्ठी उलटून दाखवली आणि मी कोण, कोठली, हे विचारले. वडिलांची पेढी, सौद्यातले रुमाल, हरिपूरची पेवे असे सगळे मी सांगितले आणि त्यांनी ते मन लावून ऐकले. त्यांनी माझ्यासाठी चहाही मागवला. हळकुंडाचा भाव मात्र एका रुपयानेही कमी केला नाही.